भिंतीवरून वहीत

आमच्या तुंगार्लीच्या घरातल्या एका कपाटात पावसाळाभर बल्ब जळत असतो. लोणावळ्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. इथे आषाढात मिठाला पाझर फुटतो, काडेपेटीतली काडी पेटता पेटत नाही, चपलांवर हिरवी लव धरते आणि दोरीवरचा टॉवेल आठवडाभर ओला तो ओलाच. मग ज्याला जे जपायचं असतं ते तो बल्बच्या उबेला ठेवतो. कुणाचे शालू असतात, कुणाची सर्टिफिकिटं, कुणाचा कॅमेरा. आमच्या कपाटात एक चिकटवही आहे. विजेचं बिल आलं की माझे यजमान एकदा कपाटाकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि चहा मागतात.

आज दुपारी ती वही मी बाहेर काढली. कडेने थोडी फुगली आहे. तिच्या जाड काळ्या पानांना भाताचा, धुराचा आणि किंचित कुबट असा वास येतो. तो नाकात गेला की दोन पावसाळ्यांपूर्वीचे ते सगळे दिवस छातीवर येऊन बसतात. शाळेत असताना मी पावसावर निबंध लिहून बक्षीस मिळवलं होतं, हे आज मलाच खोटं वाटतं. त्या साली मी पाऊस नुसता ऐकत होते. पत्र्यावरचा, कौलावरचा, झाडांवरचा. आणि या सगळ्या आवाजांच्या मागे, अजून न आलेला एक आवाज.

माझं माहेर म्हणजे कामशेतवरून पवनेच्या बाजूला जाताना आत वळलं की लागणारी एक छोटी वाडी. डोंगराच्या कुशीत वसलेली, असं मी त्या निबंधात हौसेने लिहिलं होतं. त्या साली ज्येष्ठात एका गुराख्याला त्या कुशीतच एक भेग सापडली. गवतात लपलेली, लांबच लांब. आधी कुणी मनावर घेतलं नाही. मग सरकारी माणसं आली, वर चढली, भेगेच्या दोन्ही बाजूंच्या दगडांवर तांबड्या रंगाने खुणा करून खाली उतरली. ग्रामसेवकांनी पारावर सगळ्यांना जमवून सांगितलं, की पाऊस सरेपर्यंत इथे कुणी राहायचं नाही. शेजारच्या गावातल्या शाळेच्या खोल्या उघडल्या आहेत, तिकडे जा नाहीतर पाहुण्यांकडे जा. जितराब घ्या आणि पिशवीत मावेल तेवढंच सामान घ्या.

काही घरं लगेच हलली. आईची शेजारीण हौसामावशी आपल्या शेळ्या आणि आईची गाय घेऊन शाळेत गेली. काहींनी उद्या जाऊ, परवा जाऊ केलं. आणि आमच्या आईने थेट नाही म्हटलं.

आई सत्तरीच्या पुढची. आबा, म्हणजे माझे वडील, जाऊन बरीच वर्षं झालेली. मी एकुलती एक. कामशेतच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते आणि तुंगार्लीला राहते. "माझ्याकडे चल," असं मी तिला दर वर्षीच म्हणायचे आणि तीही दर वर्षीच म्हणायची, "लेकीच्या दारात म्हातारपन काढू व्हय?" पण त्या साली गोष्ट वेगळी होती. त्या साली डोंगरावर तांबड्या खुणा होत्या.

"पावसापुरतं चल गं," मी म्हटलं.

"आन ह्यांचं काय करू?" तिने माजघराच्या भिंतीकडे हात केला.

ती भिंत डोंगराच्या अंगाची. तिच्यावर आईची सगळी माणसं टांगलेली. तिची सासू, जिला ती आत्याबाई म्हणते, नाकात भली मोठी नथ घालून फोटोवाल्यावर रागावलेली. माझा मामा आपल्या पहिल्या टेम्पोला टेकून उभा. त्या निबंधाच्या बक्षिसाचा पेला धरलेली मी, दोन वेण्यांतली. माझ्या लग्नातला फोटो. आणि सगळ्यांच्या मधोमध आबा. रोज दिवेलागणीला आई त्यांच्यासमोर बसून दिवसभराचं सांगायची. गाय आटली. हौसाची सून बाळंत झाली, मुलगी झाली. फोडणीला लसूण नव्हता. एकटी राहणारी माणसं टीव्हीशी बोलतात, तशी आमची आई भिंतीशी बोलायची.

"सगळे फोटो गाडीत मावतील," मी म्हटलं.

"मावत्याल. पर लावू कुटं? जावयाच्या भिताडावर माज्या सासूला टांगू? बरं दिसतं का त्ये?"

"मग शाळेत जा. हौसामावशी आहेच तिथे."

"तितं आत्याबाईंला पाढ्यांच्या तक्त्याशेजारी टांगू?"

माझा स्वभाव मुळात घाबरट. घाबरले की मी चिडते, आणि चिडले की आवरायला काढते. त्या दिवशी परत आल्यावर मी तुंगार्लीचं सगळं घर आवरलं. माळा आवरला, भांड्यांचं कपाट आवरलं, कुणी सांगितलं नव्हतं तरी यजमानांच्या हत्यारांचा डबा आवरला. आणि त्या आवराआवरीत एका पिशवीत मला ती चिकटवही सापडली.

आमच्या ऑफिसातल्या एक बाई निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना फोटोंची सजवलेली चिकटवही दिली होती. त्यातलं उरलेलं सामान माझ्या गळ्यात पडलेलं. एक कोरी वही, काळ्या पानांची. फोटोच्या चार कोपऱ्यांना घालायच्या कागदी टोप्यांचं पाकीट. पांढरी पेन्सिल, नागमोडी कापणारी कात्री, फुगे आणि बदाम छापलेले स्टिकर. ती पहिली वही करताना माझ्याकडे फक्त पट्ट्या कापायचं काम होतं आणि त्याही वाकड्या आल्या म्हणून ते काढून घेतलं होतं. म्हणजे माझा अनुभव एवढाच. पण पिशवी हातात धरून मी माळ्याच्या शिडीवर बसून राहिले. पिशवीत मावेल तेवढंच, असं ग्रामसेवक म्हणाले होते. भिंत पिशवीत मावत नाही, पण वही मावते. आणि वही जावयाच्या भिंतीवर टांगायची नसते, ती आपल्या ट्रंकेत राहते.

रविवारी मी वही घेऊन वाडीवर गेले. आईने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"काळी पानं? काळ्यावर मानसं लावायची?"

"काळ्यावर फोटो उठून दिसतो आई."

"आन ह्ये फुगं कशाला? कुनाचा वाढदिवस हाय?"

पण तिने वही परत दिली नाही. मांडीवर ठेवून बराच वेळ पानांवरून हात फिरवत बसली आणि मग तिने तिची अट सांगितली. एका खेपेला एकच माणूस उतरवायचं. सगळी एकदम उतरवली तर घरातून मयत निघाल्यासारखं दिसेल. मी डोक्याला हात लावला. वर भेग रुंदावत होती, आभाळ रोज खाली येत होतं, आणि मला रविवारी एक याप्रमाणे माणसं उतरवायची होती. मी तिच्यावर ओरडले. ओरडताना माझी शहरातली भाषा गळून पडते हे मला ठाऊक आहे. "डोंगर तुज्यासाठी थांबनार हाय का रविवारपतुर?" मी म्हटलं. आई शांतपणे म्हणाली, "थांबंल. आजपतुर थांबला न्हाई व्हय?"

पहिल्या रविवारी आत्याबाई उतरल्या. आईने आधी त्यांच्यापुढे हात जोडले. "आत्याबाई, पावसापुरतं वहीत बसा. तुमची नात मंदी घिऊन आलीया वही, लय म्हागाची हाय." मग मी खिळ्यावरून फ्रेम काढली. मागचे बारीक खिळे गंजलेले, पुठ्ठ्याच्या आत झुरळाची अंडी, आणि भिंतीवर फ्रेमच्या आकाराचा एक फिकट चौकोन. बाकीची भिंत धुराने काळवंडलेली होती हे तो चौकोन दिसेपर्यंत मला कधी कळलंच नव्हतं.

नवशिक्याचे सगळे हाल आम्ही केले. मी आणलेली दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी त्या दमट हवेत अर्ध्या तासात सुटली. आई म्हणाली, त्यात काय, खळ करू. इंद्रायणीचा तांदूळ आधीच चिकट. तो मऊ शिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून तिने अशी खळ केली की आत्याबाई सबंध पाठीनिशी पानाला चिकटल्या. आम्ही दोघी खूश. पुढच्या रविवारी जाऊन पाहते तर फोटोच्या कडेने पांढरी बुरशी आलेली, आणि मुंग्यांची एक रांग नथीवरून शिस्तीत चाललेली. शेवटी तांदूळच तो, त्यांना काय माहीत की हा फोटो आहे! आईने मुंग्या फुंकल्या आणि वही वाळवायला घेतली. आमच्याकडे पावसाळ्यात तान्ह्या पोरांची दुपटी वाळवतात तशी. घमेल्यात निखारे, त्याच्यावर बांबूचं उपडं डालगं आणि डालग्यावर उघडी वही. बुरशी गेली, पण पान पापडासारखं वळलं आणि त्याबरोबर आत्याबाईंचं तोंडही वाकडं झालं.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "तशाबी माज्याकडं वाकड्याच बघायच्या."

मी हसले. तीही हसली, तोंडाला पदर लावून. मग तिने स्टिकरच्या कागदावरून एक तांबडा फुगा सोडवून आत्याबाईंच्या खांद्याशी लावला. त्या सबंध मोसमात आम्ही मनापासून हसलो ते तेवढंच. हसता हसता वरून कुठूनतरी एक दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि दोघींनीही वर पाहिलं.

त्यानंतर आम्ही शहाण्या झालो. फोटोला खळ लावायचीच नाही, फोटो नुसता कोपऱ्यांच्या टोप्यांत बसवायचा. टोप्यांनाच मागून बोटाच्या टोकाएवढी खळ. म्हणजे कधी काढावासा वाटला तर माणूस सुटा निघतो. मामा असा बसला, बक्षीसवाली मी अशी बसले. पांढऱ्या पेन्सिलीने खाली नावं मी लिहायचे. काय लिहायचं ते आई सांगायची. मामाच्या खाली तिने लिहायला लावलं, "टेम्पो घेतला तवा. आमाला पयल्यांदा कामशेतला फिरवून आनलं." भिंतीवर एवढी वर्षं तो टेम्पो टांगलेला होता, पण ही गोष्ट मला वहीमुळे कळली. भिंतीवरच्या फोटोला कुणी काही विचारत नाही. वहीत त्याच्या खाली जागा सुटते आणि ती जागा भरावीशी वाटते.

पण रविवार ते रविवार मधले दिवस काढणं फार कठीण जायचं. ऑफिसात दुपारीच दिवे लावावे लागत. खिडकीबाहेर कामशेतचा बाजार पाण्यात धूसर झालेला, आणि मी आईला फोन लावत असायचे. ‘आपण ज्यांच्याशी संपर्क करू इच्छिता…’ ती बाई इतक्या गोड आवाजात बोलायची की तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटे. एकदा ओढ्याला पूर आला म्हणून वाडीचा रस्ता बंद झाला. मी आणि यजमान गाडी या बाजूला लावून नुसते पाण्याकडे बघत उभे होतो. पलीकडे, ढगात, माझी आई होती. यजमान म्हणाले, "उतरेल पाणी." मी म्हटलं, "आणि डोंगर?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "गाडीत बस, भिजतेस." मी तेव्हा आईवर इतकी चिडले होते की ती समोर असती तर तिला हाताला धरून फरफटत आणली असती. आणि तेवढीच भीती होती की हे चिडणंच तिच्याशी शेवटचं बोलणं ठरेल.

घाबरायला मला आबांनीच शिकवलं होतं. ते रेल्वेत गँगमन होते, घाटातल्या लाइनीवर. पावसाळ्यात त्यांची गस्तीची ड्यूटी, आईच्या भाषेत डिवटी, असायची. रेनकोट, शिट्टी, झेंड्या आणि हातात बत्ती घेऊन रुळांच्या कडेने चालत राहायचं आणि वरच्या कड्यांवर नजर ठेवायची. दरड आली तर गाडीच्या आधी आपण पोचायचं. घरी आले तरी त्यांची मान वरच असायची. जेवायला बसले की पहिला घास घेण्याआधी मला विचारायचे, "मंदे, झऱ्याचं पानी कसलं हाये?" आमच्या घरी वरच्या झऱ्याचं पाणी पाइपने यायचं. मी तांब्या उजेडात धरून सांगायचे, "काचंसारखं." मग ते जेवायचे. डोंगर न सांगता येत नाही, म्हणायचे. आधी बारके खडे सोडतो, मग झाडं कलती करतो, आणि निघायची वेळ झाली की पाणी तांबडं करून धाडतो. माझ्या मैत्रिणींचे वडील पाढे विचारायचे, माझे पाणी विचारायचे. शेवटी आबा गेले ते साध्या तापाने, अंथरुणावर. एकही दरड त्यांच्या अंगावर आली नाही, आणि हेच आई मला पुन्हापुन्हा ऐकवायची.

शेवटी भिंतीवर एकटे आबा उरले.

त्यांचा फोटो बोगद्याच्या तोंडाशी काढलेला. अंगात रेनकोट, हातात बत्ती, मान थोडी वर. साहेबांबरोबर आलेल्या फोटोवाल्याने काढला होता आणि आबांनी हौसेने मोठा करून काचेत बसवून घेतला होता. इतक्या पावसाळ्यांच्या ओलीने तो काचेलाच चिकटून बसला होता. मी मागचा पुठ्ठा काढून एक कोपरा हळूच उचलायला गेले, तर वरच्या आभाळाचा एक कपचा काचेवरच राहिला. मी हात मागे घेतला. आईने श्वास रोखलेला मला ऐकू आला. फ्रेम पुन्हा बांधून आम्ही खिळ्याला लावली.

त्या आठवड्यात मी लोणावळ्यातल्या एका स्टुडिओत गेले. मोबाइलवर काचेतूनच काढलेला आबांचा फोटो तिथल्या मुलीने इतका साफ करून दिला की फाटलेलं आभाळसुद्धा जागेवर आलं. मी ती कॉपी घेऊन रविवारी वाडीवर गेले. मनात धरलं होतं, की आज सगळं संपेल, आज आईला गाडीत घालूनच आणायची. यजमान गाडी दाराशी लावून आतच बसले होते. पाऊस आदल्या दिवसापासून एका लयीत पडत होता. कमीही नाही, जास्तही नाही.

आईने कॉपी हातात घेतली. दारातल्या उजेडात नेली. मग भिंतीवरच्या आबांकडे पाहिलं, पुन्हा हातातल्या आबांकडे.

"ह्ये त्ये न्हाईत," ती म्हणाली.

"अगं तेच आहेत. त्याच फोटोचा फोटो आहे."

"त्येच म्हंते मी. ह्यो फोटूचा फोटू हाये. त्ये तितं हायेत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते रागाने. एवढे रविवार, एवढी भीती, आणि आता ही शेवटच्या पायरीवर अडून बसणार! मी काही बोलणार तोच तीच म्हणाली, "चार टोप्या लाव वहीत. जागा करून ठिवू. मंग बघू." मी डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात जाऊन खळीला तांदूळ शिजायला टाकले. माझा हात नेहमीच्या सवयीने चालत होता. पाइपाखाली भांडं धरलं, तांदूळ धुतले, आधण ठेवलं. आत अंधार होता आणि माझं लक्ष माझ्या रागाकडे होतं. तांदूळ शिजले, कुस्करले, फडक्यातून वाटीत गाळले आणि वाटी घेऊन माजघरात आले.

आई वही उघडून बसली होती. मी टोपीला मागून खळ लावली. बाकीच्या पांढऱ्या टोप्यांशेजारी ती ओली टोपी ठेवली. तेव्हा दिसलं.

खळ तांबूस होती.

"तांदूळ धुतलं न्हाईस?" आईने विचारलं.

"धुतले."

तिने बोटाने वाटीतली खळ ढवळून पाहिली. बाहेर पाऊस त्याच लयीत. मग ती अगदी हळू, जेवायला बसल्यासारखी म्हणाली, "मंदे, झऱ्याचं पानी कसलं हाये?"

मी उठून तांब्या भरून आणला आणि दारात उजेडाला धरला. तांब्यात चहा ओतावा तसं पाणी होतं.

आईने त्यानंतर जी घाई केली तशी मी तिला आयुष्यात कधी करताना पाहिली नव्हती. पण त्या घाईतही तिने राहिलेल्या टोप्या त्याच तांबूस खळीने पानाला चिकटवल्या, चारही कोपऱ्यांना. वही पदरात गुंडाळली. चुलीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलं. मी भिंतीकडे धावले आणि आबांची फ्रेम काढायला हात वर केला, तर तिने माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"आई, गाडीत मावेल. काचेसकट नेऊ. आता कुणी काही म्हणणार नाही, मी भिंतीवर लावणारसुद्धा नाही."

"मागं कुनीतरी बघाया पायजे," आई म्हणाली. "त्यांचं कामच हाये त्ये."

तिने आबांसमोर हात जोडले. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. मग दाराला कुलूप लावून किल्ली कनवटीला खोचली आणि गाडीत न बसता तशीच भर पावसात वाडीतून निघाली. उद्या-परवा करत राहिलेल्या प्रत्येक दारात उभी राहून ओरडत गेली, "निघा रं, पानी तांबडं झालंय! झऱ्याचं पानी तांबडं झालंय!" ज्या बाईने सरकारी माणसांचं ऐकलं नव्हतं, तिचं सगळ्या वाडीने ऐकलं. गँगमनची बायको सांगते म्हटल्यावर लोक हातातलं टाकून निघाले. आम्ही सगळ्यांच्या शेवटी निघालो. गाडी वळणावर आली तेव्हा मी मागे पाहिलं, आईने पाहिलं नाही. तिने वही पोटाशी धरली होती.

डोंगर त्याच आठवड्यात आला. वाडीत कुणी नव्हतं.

गौरींच्या सुमारास पाऊस थोडा दमला तेव्हा आम्ही गेलो. ओटा शिल्लक होता. दाराची चौकट होती, दाराला कुलूपही होतं. मागे माजघर नव्हतं, तिथे तांबडी ओली माती होती आणि त्या मातीत उलटं झालेलं एक जांभळीचं झाड. हौसामावशी आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "वाचलो गं बाई." आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग कनवटीची किल्ली काढली, कुलपाकडे पाहिलं आणि किल्ली पुन्हा खोचून ठेवली. फोटो शोधूया का, असं मी विचारलंसुद्धा नाही. गाडीत मात्र मला रडू आवरेना. मला आबांचं वाईट वाटत होतं, म्हणजे काचेतल्या त्या कागदाचं, आणि त्याच वेळी आई शेजारी ऊन ऊन बसलेली होती याचा आनंद इतका होता की लाज वाटावी. आई म्हणाली, "गप. जावई काय म्हन्तील."

ती अजून आमच्याकडेच आहे. शेजारणींनी विचारलं तर सांगते, "पावसापुरती आलीया." आणि तिला आता त्या वहीचं वेड लागलंय. गेल्या वर्षीच्या इंद्रायणीच्या लोंब्या तिने चिकटवल्या. हौसामावशीच्या नातीच्या बारशाची पत्रिका, कामशेतच्या बसचं तिकीट, माझ्या केसांची गळून पडलेली क्लिपसुद्धा. बदामांचे स्टिकर संपले तेव्हा दुसरे आणायला मला बाजारात पिटाळलं. ऑफिसातल्या बायका मला विचारतात, चिकटवही करायला सुरुवात कशी करायची, कुठल्या कागदापासून? मी कागदाचं आणि कात्रीचं सांगते. त्याआधी घरात उभं राहून आपण काय सोडून जाऊ शकणार नाही ते बघावं लागतं, हे मात्र सांगत नाही. ते ज्याचं त्याला कळतं.

वहीच्या मध्यावर ते पान आहे. कोपऱ्यांच्या चार टोप्या, तांबूस डागांच्या, आणि मध्ये नुसता काळा कागद. खाली नाव नाही, काही नाही. स्टुडिओतली कॉपी मी कपाटात जपून ठेवली आहे. आईला नाही तर नाही, पण ते रिकामं पान मला बघवत नाही. म्हणून आज दुपारी, ती झोपली आहे असं पाहून, मी वही काढली, कॉपी काढली. पाऊस असा कोसळत होता की समोरचं तळंही दिसत नव्हतं. बल्बच्या उजेडात मी आबांचा एक कोपरा टोपीत सरकवला. दुसरा सरकवणार तोच मागून आईचा हात आला. तिने कॉपी अलगद सोडवली आणि माझ्या हातात दिली. रागावली नाही. वही उचलून खिडकीपाशी नेली आणि तेच पान उघडून, बाहेर डोंगराकडे तोंड करून, वही काचेला टेकवून उभी केली.

"आई, दमट हवा आहे. पान खराब होईल."

"व्हऊ दे."

"निदान त्यात फोटो तरी असू दे ना. रिकामं पान काय ठेवायचं?"

आईने खुर्ची ओढली, खिडकीशी बसली आणि बाहेर बघत म्हणाली, "रिकामं न्हाई त्ये. त्ये डिवटीवर हायेत."

मी हातातली कॉपी परत कपाटात, बल्बखाली ठेवून दिली.